विरारचं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका शब्दाला बंदी होती. एरवी आमच्याकडे तोंडाला तसा फारसा आवर नव्हता. बाबा क्रिकेट ऐकताना काय वाट्टेल ते बोलत आणि आई दूधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. पण 'खरूज' म्हणायचं नाही. "अंगावर आलंय" म्हणायचं, "उष्णता झालीय" म्हणायचं, फार तर "घामोळं चिघळलं" म्हणायचं. मी एकदा चुकून तो शब्द बोलले, तर आईने आधी दार लावलं, मग खिडकी लावली आणि मग मला धपाटा घातला. धपाट्याच्या आधी खिडकी लावणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. आज मी पन्नाशी ओलांडली आहे आणि आता बिनदिक्कत लिहिते: आम्हाला खरूज झाली होती. आई, बाबा, ताई आणि मी, चौघांनाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला, आणि जिथलं नाव पन्नाशीनंतरही लिहिता येत नाही तिथेही.

विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत तेव्हा सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच होतं, पाणी. धरण चालत जाण्याच्या अंतरावर, पण नळाला पाणी नाही. तेव्हा बोअरिंगचं खारट पाणी आणि टँकरचं गढूळ पाणी यावर आमचा संसार चाले. केस गळाले, पाणी. डाळ शिजली नाही, पाणी. तळमजल्यावरच्या मुलाचा गणिताचा पेपर गेला तेव्हासुद्धा त्याची आई पाण्यालाच दोष देत होती. त्यामुळे अंगाला खाज सुटली तेव्हा कोणी दुसरा विचार केला नाही. खरं तर हे निदान पहिल्यांदा केलं ते आत्याने. बाबांची ही मोठी बहीण, रत्नागिरीची. थंडीत ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर आमच्याकडे राहून गेली. ताईच्या आणि माझ्या मधोमध झोपायची आणि रात्रभर करकरा खाजवायची. "तुमच्या विरारचं पाणी मला लागतच नाही गो," ती सकाळी चहा पिता पिता म्हणायची. "आमच्याकडे बघा, विहिरीचं पाणी कसं, अमृत." आत्या घरातलं मोठं माणूस. तिचं म्हणणं बाबांनी ताबडतोब मान्य केलं आणि ती परत गेल्यावर आम्हालाही खाज सुटली तेव्हा तिच्या दूरदृष्टीचं कौतुकही केलं.

बाबा मुंबईत एका ऑफिसात हेडक्लार्क होते आणि तक्रार करणं हा त्यांचा छंद होता. त्यांनी टँकरवाल्याला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, हेच पाणी मी पण पितो." बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विजयी मुद्रेने आम्हाला सांगितलं, "बघा, तोही खाजवत होता." त्या दिवसापासून त्यांनी काचेच्या एका बाटलीत टँकरचं पाणी भरून, घट्ट बूच लावून पुरावा म्हणून देवघराशेजारी ठेवलं. आई रोज देवाला नमस्कार करताना त्या बाटलीकडे डोळे वटारून बघायची.

आईने घरगुती उपाय सगळे केले. कडुनिंबाच्या पाल्याच्या आंघोळी झाल्या, त्याही पाणी मोजून मापून. करंजाचं तेल लावलं, त्याच्या वासाने माझी मैत्रीण अभ्यासाला यायची बंद झाली. शेवटी तिने पथ्य सुरू केलं. वांगं बंद, शेंगदाणे बंद आणि मासे बंद. कोकणातून आलेल्या घरात मासे बंद म्हणजे जवळजवळ सुतकच. शनिवारी कोळीण जिन्यात हाळी द्यायची, "ताजे बोंबील हायेत गो," आणि बाबा ताटातल्या दुधीभोपळ्याकडे बघत बसायचे. मला आजही दुधीभोपळा शिजतानाचा वास आला की मनगटाला खाज सुटते.

एवढी लपवाछपवी कशासाठी, तर ताईसाठी. ताईचं, म्हणजे संध्याताईचं, लग्न ठरलं होतं. मुलगा जवळच्याच कळंबचा, विलास नाव, पंचायत समितीत नोकरीला. उंच, दाट केसांचा आणि बोलायला अगदी लाजाळू. पाहायला आला तेव्हा संपूर्ण कार्यक्रमात तो "पोहे छान" एवढंच बोलला होता आणि पोहे मी केले होते. पण ताईला तो आवडला होता. तिला याआधी दोन ठिकाणांहून नकार आले होते, एकदा उंचीवरून आणि एकदा रंगावरून. त्यानंतर ती आरशासमोर उभीच राहत नसे. विलासचा होकार आला त्या दिवशी ती पुन्हा आरशासमोर उभी राहिली, चांगला अर्धा तास, आणि मला आत येऊ दिलं नाही. त्यामुळे आता अंगावर हे असलं काही उठलंय म्हणून कळंबला कळलं आणि तिसऱ्यांदा नकार आला तर ती काय करेल, हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनाच पडला होता. तो कोणी बोलून दाखवत नव्हतं, तेवढंच.

कळंबचं घर समुद्राला लागून होतं. नारळाची वाडी, अंगणात विहीर आणि मागे चार खोल्या. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी समुद्रावर यायची, त्यांना त्या खोल्या भाड्याने द्यायच्या, जेवण घालायचं. तो सगळा कारभार विलासची आई बघायची. आम्ही त्यांना काकू म्हणत होतो. सावळ्या, भक्कम, नाकात मोठी नथ नाही पण आवाज नथीपेक्षा ठसठशीत. होकार झाल्यावर काकूंनी आपल्या मुलीला, कुंदाला, साड्या पसंत करायला आमच्याकडे धाडलं. कुंदा दोन-तीन दिवस राहिली, ताईच्या आणि माझ्या गोधडीत झोपली, आमच्या बांगड्या घातल्या, आमच्या टॉवेलने अंग पुसलं आणि आनंदाने घरी गेली. ती गेल्यावर आईने हात कपाळाला लावला. "पोर हसत आली न् हसत गेली. आता घरी जाऊन खाजवायला लागली म्हणजे?"

साखरपुड्याची तारीख जवळ येत चालली. भर वैशाखात ताई पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालून घामाघूम व्हायची. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जायला आई तयार नव्हती, कारण त्याचा कंपाउंडर म्हणजे चालतं-बोलतं वर्तमानपत्र. शेवटी बाबांनी रजा टाकली आणि ठरलं, खाडीपलीकडच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जायचं. तिकडे आपल्याला कोण ओळखतंय? हे वाक्य आईने जाताना इतक्या वेळा म्हटलं, की ते खोटं ठरणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबांनी निघताना पुराव्याची बाटली पिशवीत घातली.

त्वचेच्या ओपीडीबाहेर लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं आणि माणसांची ही गर्दी. कोणी बाळाला घेऊन बसलेलं, कोणी तोंडावर ओढणी घेतलेली, एक म्हातारा पेटीवाल्यासारखी बोटं चालवत एकाच लयीत गुडघा खाजवत होता. फिनेल, घाम आणि कुठल्याशा मलमाचा मिळून एक वास होता. आम्ही जागा बघून बसलो आणि आईने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अगो बाय! इहिणबाय, तुमी?"

काकू होत्या. शेजारी विलास, पूर्ण बाह्यांच्या शर्टात, मनगटापर्यंत बटणं लावून, मान खाली घालून. आईच्या तोंडावरचा रंग उडाला, पण आईसारखी खोटं बोलणारी बाई नाही. तिने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "अहो, ह्यांच्या मानेवर चामखीळ आहे. म्हटलं, कार्याआधी दाखवून टाकू." बाबांनी दचकून स्वतःची मान चाचपली. त्यांच्या मानेवर चामखीळ नव्हती, कधीच नव्हती. काकूही काही कमी नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आमी होय? आमच्या विलासचे केस गलतात." आम्ही सगळ्यांनी विलासच्या डोक्याकडे पाहिलं. त्या डोक्यावर इतके केस होते, की त्यातले निम्मे गळाले असते तरी कोणाला पत्ता लागला नसता. आईने माझ्या कानात कुजबुज केली, "टक्कल पडणार वाटतं जावयाला." म्हणजे खोटं बोलताना समोरच्याचं खोटं मात्र तिला अगदी खरं वाटत होतं.

मग दोघी विहिणी गप्पा मारत बसल्या. हॉलच्या, पेढ्यांच्या, भटजींच्या. बोलता बोलता आई हातरुमालाने बोटांची बेचकी पुसल्यासारखं करत होती आणि काकू बांगड्या मागे-पुढे सरकवत होत्या, चांगल्या जोरात. विलास आणि ताई एकमेकांच्या पायांकडे बघत होते. बाबा बाटली मांडीवर घेऊन बसले होते. काकूंनी विचारलं, "तान लागली का तुमाला?" तर म्हणाले, "नाही, नाही, हे पिण्याचं नाही," आणि त्यांनी बूच आणखी घट्ट केलं.

इतक्यात आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, चष्मा कपाळावर, आवाज बसलेला. गर्दीकडे त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ऐका सगळे. डाग, केस, चामखीळ, मुरमं, ते इथेच बसा. ज्यांना खाज आहे, रात्री जास्त येते, आणि घरात आणखी कोणाला आहे, त्यांनी उठून त्या भिंतीकडे उभं राहायचं. सकाळपासून तेच ते सांगून माझा घसा गेलाय. सगळ्यांना एकदमच सांगते."

आणि काय सांगू, अख्खं बाक उठलं. समोरचंही उठलं. बाळवाली उठली, ओढणीवाली उठली, म्हातारा गुडघा खाजवत खाजवत उठला. एक सूट-बूटवाला गृहस्थ, जो मघापासून वर्तमानपत्रामागे दडला होता, तोही घडी घालून उठला. कॉलेजच्या मुली होत्या, एक पोलीस होता, बाजूच्या वॉर्डातली एक आया हातातला झाडू भिंतीला टेकवून रांगेत जाऊन उभी राहिली. आम्ही तोवर समजत होतो, की साऱ्या दुनियेत हे आमच्याच घरावर आलंय. इथे भिंतीकडे जागा पुरेना. उरलो फक्त आम्ही सहा जण. एवढ्या मोठ्या रिकाम्या बाकावर, एकमेकांना चिकटून, केस आणि चामखीळ सांभाळत. आई छताकडे बघत होती. काकू आपल्या चपलांकडे.

डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहून विचारलं, "तुम्हाला काय?" आणि मग ताई उभी राहिली.

आईने तिचा पदर मागून धरला, घट्ट. मला अजून तो ओढला गेलेला पदर दिसतो, निळ्या काठाचा. ताईने तो हळूच सोडवून घेतला. "मला खाज आहे," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली आणि मग काकूंकडे वळली. "काकू, आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. कुंदा माझ्याच गोधडीत झोपली होती. तुम्हाला न सांगता मी तुमच्या घरात यायचं, आणि तुम्ही सगळे खाजवत बसायचं, हे माझ्याच्याने नाही व्हायचं. मग तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा." एवढं बोलून ती भिंतीकडे चालत गेली आणि त्या झाडूवाल्या आयेच्या मागे उभी राहिली. आयुष्यात ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती. मला वाटलं, गेलं. तिसराही गेला.

काकू बाकावरच बसून राहिल्या. आता कळतं, की त्यांच्यापुढेही काही कमी अडचण नव्हती. ऐन हंगाम होता. कळंबच्या घरात खरूज आहे असं एकदा पसरलं असतं, तर त्या खोल्यांत कुत्रंसुद्धा झोपायला आलं नसतं. पण तेव्हा मला फक्त त्यांचं बसून राहणं दिसत होतं आणि त्याचा राग येत होता. मग त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि मनगट आईच्या नाकासमोर धरलं. "हे बगा. कुंदेला हाय, मला हाय, ह्याला तर पाटभर हाय. केस कसले गलतात त्याचे! विलास, ऊट. ती पोर एकटी उबी हाय थितं." विलास असा उठला, जणू मघापासून त्याच परवानगीची वाट बघत होता, आणि जाऊन ताईच्या मागे उभा राहिला. तिथे त्याने बाहीची बटणं सोडली आणि मनसोक्त खाजवलं. ताई हसली. मागे वळून त्याला काहीतरी म्हणाली. त्यांचं पहिलं धड संभाषण ते, खरजेच्या रांगेत झालेलं. काय म्हणालीस म्हणून मी तिला आजवर विचारत आलेय, ती सांगत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एकत्रच झापलं. "हा किडा आहे, बारीक. कातडीत घर करतो. पाण्याने होत नाही, उष्णतेने होत नाही, मासे खाऊन होत नाही." मासे म्हटल्यावर बाबांनी मान वर केली. "माझ्याकडे रोज येतात त्यातले निम्मे लोक हेच घेऊन येतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच झालं. साहेब असो नाहीतर हमाल, एका अंथरुणात झोपलं, एकमेकांचे कपडे घातले, की झालं. लाजताय कसले?" बाबांनी तरीही धीर करून बाटली पुढे केली. "मॅडम, हे टँकरचं पाणी जरा तपासता आलं असतं तर..." बाईंनी बाटली उजेडात धरली. "बाटली छान आहे," त्या म्हणाल्या. "औषधाला आणलीत ना? स्वतःची बाटली आणणारे फार थोडे असतात." तिथल्या खिडकीवर पांढरं औषध मोठ्या डब्यातून ज्याच्या-त्याच्या बाटलीत ओतून देत. बाबांनी जड अंतःकरणाने इतक्या दिवसांचा पुरावा मोरीत ओतला, बाटली आतून कोरडी करून घेतली आणि तिच्यात औषध भरून घेतलं.

औषधापेक्षा अवघड होतं ते पुढचं. दोन्ही घरांतल्या सगळ्या माणसांनी एकाच दिवशी लावायचं, मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, खाजत असो वा नसो. आणि त्याच दिवशी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं, कपडे उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. "एक घर राहिलं तर परत दुसऱ्याला देणार, दुसरं पहिल्याला," बाईंनी बजावलं. "आणि कोणी कोणाला दिली हे शोधत बसू नका. त्याने खाज जात नाही." दोघी विहिणींनी माना डोलावल्या. आईने मनातल्या मनात कळंबच्या खोल्यांवर ठपका ठेवलेला होताच आणि काकूंनी आमच्या गोधड्यांवर. साखरपुडा होईपर्यंत दोघी संधी मिळेल तेव्हा एकमेकींना हळूच त्यावरून टोमणे मारत राहिल्या.

पण आईचा प्रश्न वेगळाच होता. "धुवायचं म्हणता, पण पाणी कुठाय? घरभरच्या गोधड्या धुवायच्या तर मला टँकरच लावावा लागेल, आणि टँकर लावला की सगळी बिल्डिंग विचारणार." तेव्हा काकू म्हणाल्या, "आमच्याकडं इहीर हाय, चूल हाय, ऊन हाय. गोदड्या घेऊन या सगल्या. माज्या आंगनात धुवू." आणि शेजारच्यांना काय सांगायचं? काकूंनी त्याचाही विचार केला होता. "सांगीन, त्यांची रीत हाय. साखरपुड्याआदी दोनी घरच्या गोदड्या एका ठिकानी धुवायच्या."

तर अशी ती रीत. टेम्पो करून आम्ही घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण कळंबला नेलं. अंगणात तीन दगडांच्या दोन चुली पेटवल्या, त्यांवर भाताची मोठी पातेली चढवली, आणि काकूंच्या खोल्यांतल्या चादरी अन् आमच्या गोधड्या एकाच पाण्यात उकळत पडल्या. विलास विहिरीचं पाणी ओढत होता, बाबा बांबूने गोधड्या ढवळत होते आणि मध्येच चाखून बघणार की काय अशा थाटात वाकून बघत होते. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. काकूंनी त्यांना रीत समजावून सांगितली, आणि आई, जिला हॉस्पिटलात जाईपर्यंत ही रीत ठाऊक नव्हती, तिने तिच्यात भर घातली: "आमच्याकडे उजव्या हातानेच पिळायच्या असतात." बायकांनी कौतुकाने मान डोलावली. मागे एकदा मी कळंबला गेले होते, तर काकूंच्या शेजारच्या घरी लग्न होतं आणि व्याह्यांच्या गोधड्या धुवायला आल्या होत्या. उजव्या हाताने पिळणं चाललं होतं. मी एक शब्द बोलले नाही.

दुपारी नारळांना बांधलेल्या दोऱ्यांवर गोधड्या वाऱ्याने फडफडत होत्या आणि काकूंनी वाढलं. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील. आईने सवयीने बाबांच्या ताटावर हात आडवा धरला. बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?" आणि मग ते जेवण होईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मी बाबांना पुढे मोठमोठ्या पंगतीत जेवताना पाहिलंय, पण त्या दिवसासारखं सुख त्यांच्या तोंडावर पुन्हा दिसलं नाही.

घरी आल्यावर दिवेलागणीला औषधाचा कार्यक्रम. कळंबलाही त्याच वेळी सुरू झाला होता. आमच्या एवढ्याशा घरात न्हाणीघर एकच, त्यामुळे एकेकाने आत जायचं. औषध लावलं की जळजळायचं, खाजवून सोललेल्या जागी तर विचारूच नका. बाबा आतून "आई गं" म्हणून ओरडले, ते तळमजल्यापर्यंत गेलं. ताईला आईने लावलं. दार अर्धवट उघडं होतं आणि मी माझ्या पाळीची वाट बघत बाहेर बसले होते. आई आधी नेहमीसारखी बडबडत होती, हात वर कर, पाठ वळव, नखं किती वाढवलीस. मग तिची बडबड थांबली. ताईची पाठ, खांदे, हात, पायाची बोटं, आई सावकाश लावत राहिली. किती वर्षांत तिने ताईला असा हात लावला नसेल! लहानपणी न्हाऊ घालत असे, त्यानंतर बहुधा पहिल्यांदाच. "आता पुढच्या वेळी हळद लावायची तुला," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ताई म्हणाली, "आई, रडू नको, औषध पातळ होईल." मग दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. मी बाहेर बसून ऐकत होते आणि मला ताईचा हेवा वाटत होता. खरजेच्या औषधावरून कोणाचा हेवा वाटू शकतो हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. माझी पाळी आली तेव्हा आईने मला भराभर लावून बाहेर काढलं.

खाज हळूहळू ओसरली, पण डाग लगेच जाणार नाहीत हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. साखरपुड्याच्या दिवशी ताईच्या बोटांवर काळपट ठिपके होतेच. आईने पावडर लावून बघितली, मग मेंदी काढून बघितली, मेंदीतूनही ते दिसत होते. कार्यक्रम आमच्या इमारतीच्या गच्चीवर होता. मांडव, खुर्च्या, पेढ्यांचा घमघमाट, आणि कळंबची मंडळी टेम्पो भरून आलेली. आत्या सकाळीच रत्नागिरीहून आली होती आणि पहिल्या रांगेत, अगदी पाटासमोर खुर्ची ओढून बसली होती. भटजींनी अंगठी विलासच्या हातात दिली. ताईने हात पुढे केला. आणि आत्याचा आवाज आला, तिच्या मते ती कुजबुजत होती: "अगो संध्या, बोटांना काय झालंय तुझ्या? हे कसले डाग गो? अंगावर काही उठलंय का?"

कळंबच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी बघायला माना पुढे काढल्या. ताईने हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला. तिचं तोंड पुन्हा त्या आधीच्या नकारांच्या दिवसांसारखं झालं. आईने नेहमीप्रमाणे काहीतरी ठोकून द्यायला तोंड उघडलं, पण पहिल्यांदाच तिला खोटं सुचलं नाही. अंगठी विलासच्या चिमटीत तशीच राहिली.

काकू उठल्या. पाटापाशी आल्या, ताईच्या पदराखाली हात घातला आणि तिचा हात बाहेर काढला. सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि त्याच्या शेजारी स्वतःचा धरला. तेच ठिपके, तीच बोटांची बेचकी. "विरारचं पानी," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तिला लागलं, येता-जाता मला पन लागलं. लागतं कुनाकुनाला. माज्या घरी आली की आमच्या इहिरीच्या पान्यानं जाईल सगलं." कळंबच्या म्हाताऱ्यांनी माना मागे घेतल्या. विरारच्या पाण्याबद्दल त्यांनाही बरंच ऐकून ठाऊक होतं.

मग काकू आत्याकडे वळल्या. आत्या मघापासून नव्या पाटल्या वर सरकवून मनगट करकरा खाजवत होती, तिचं तिलाही भान नव्हतं. काकूंनी वाकून ते मनगट नीट निरखलं. मग आईकडे पाहिलं. आईने आत्याच्या मनगटाकडे पाहिलं, आणि थंडीतला तो महिना, ताईच्या न् माझ्या मधलं ते अंथरूण, सकाळचा तो चहा, सगळं एकदम तिच्या तोंडावर उमटलं. "रत्नागिरीला पन पोचलं वाटतं विरारचं पानी," काकू आत्याच्या कानाशी म्हणाल्या, या खेपेला खरोखरच हळू. "जेवन झालं की खाली या. बाटली हाय आमच्याकडं."

मग त्यांनी ताईचा हात विलासच्या हातात ठेवला. त्याने अंगठी घातली, डागांवरून, अगदी हळू, दुखेल म्हणून. भटजींनी मंत्र सुरू केले. आई पदर तोंडाला लावून खाली बघत होती आणि सगळ्यांना वाटलं, लेकीसाठी रडतेय. मी शेजारीच बसले होते. तिचे खांदे हसण्याने गदगदत होते.